डॅडींच्या हाताला पटेल असं पिस्तूल

६ ऑक्टोबर
विलिस्टनजवळची कामगार छावणी, नॉर्थ डकोटा

लिनेट,

तुझं पत्र मंगळवारी आलं. पाकिटावर तुझं अक्षर बघितलं आणि वाटलं, डॅडी गेले. म्हणून दोन दिवस फोडलंच नाही. गुरुवारी तेलविहिरीवरून आलो, हात धुतले आणि फोडलं. डॅडी आहेत एवढं वाचून आधी बाहेर जाऊन एक सिगरेट ओढली. सोडली होती.

तीन वर्षांत तुझी ही पहिली ओळ, आणि ती पिस्तुलासाठी. रागानं नाही लिहीत. तू मला काहीतरी विचारलंस आणि जे विचारलंस ते मला येतं, याचंच बरं वाटलं. असं माझ्या बाबतीत फार वेळा होत नाही, तुला माहीत आहे.

तू लिहिलंस ते मी परत मांडतो, म्हणजे समजण्यात चूक नको. डॅडींना माणसं ओळखू येत नाहीत. तू सकाळी कॉफी घेऊन गेलीस तर त्यांनी तुझ्यावर पिस्तूल रोखलं आणि विचारलं, बाई, तू माझ्या घरात काय करतेस. मागं एकदा तू पिस्तूल लपवून ठेवलंस तर तीन दिवस जेवले नाहीत, अनवाणी रस्त्यावर गेले शोधायला. गोळ्या काढून घेतल्या तर नव्या निघतात, कॉफीच्या डब्यातून, जुन्या बुटातून, बायबलच्या खोक्यातून. म्हणून तुला हुबेहूब आजोबांच्या पिस्तुलासारखी एक नक्कल हवी, जी झडणार नाही. दिवसा डॅडींना सांभाळायला येणारी वँडा त्यांना आंघोळ घालते त्या पंधरा मिनिटांत तू ती उशीखाली ठेवणार आणि आजोबांचं खरं बँकेत नेऊन ठेवणार. खऱ्याला हात लावून बिघडवायचं नाही, आजोबांनी कोरियातून आणलेलं आहे. आणि मी यायचं नाही, फोन करायचा नाही. फक्त हे एवढं.

समजलं.

आता ऐक. आजोबांचं पिस्तूल म्हणजे १९११ नावाचं जुनं मॉडेल, सैन्याचं. त्याची नक्कल खिशाला झेपेल अशी हवी तर मुख्य दोन ठिकाणांहून येते. एक फिलिपिन्स, एक तुर्कस्तान. डॅडी शनिवारच्या बंदुकांच्या बाजारात टेबलामागं उभे राहून गिऱ्हाइकाला काय सांगायचे ते आठवतं का? नक्कल म्हणजे कवळी. चावता येतं, चव कळत नाही. गिऱ्हाईक हसायचं आणि शेवटी कवळीच घेऊन जायचं.

फिलिपिनो दिसायला साधं. राखाडी, पाटीसारखं, चमक नाही. नेम धरायची खूण बारीक, जुन्यासारखी. तुर्की जास्त नीट घडवलेलं असतं, सगळं घट्ट, हलवलं तरी आवाज नाही. पण तेच वांधं आहे. आजोबांचं हलवलं की खुळखुळायचं. डॅडी डोळ्यांनी फसतील, कानानं नाही फसायचे. शिवाय बऱ्याच तुर्की पिस्तुलांना मागं लांब शेपटी असते, घोडा हाताला चावू नये म्हणून. डॅडींच्या अंगठ्याच्या बेचक्यात चावल्याचा जुना वण आहे. चावलं नाही तर त्यांना करमायचं नाही.

झडू नये म्हणून काय करायचं ते मी बघतो. गोळीला ठोकणारी आतली पिन केसभर आखूड करायची. बघून कळत नाही, पण गोळीपर्यंत पोचत नाही. पिस्तूल पोस्टानं धाडता येत नाही, दुकानातून दुकानात जातं, कागद भरावे लागतात. थोडा वेळ दे. घाईत चुकीचं नको.

डॅडी जेवतात का नीट? माझं नाव काढतात का, ते विचारत नाही.

लेव्हाय


२० ऑक्टोबर

लिनेट,

तुझं रागाचं पत्र मिळालं. दोन आठवडे झाले हे मलाही मोजता येतं. शनिवारी मायनॉटच्या बाजारात जाऊन आलो, सव्वाशे मैल. नऊ टेबलं फिरलो. विकणारे वैतागले. एक जण म्हणाला, पोरा, पिस्तूल घेतोयस की लग्न करतोयस. मी म्हणलं, बापासाठी आहे. मग त्यानं स्टूल दिलं बसायला.

डोळे मिटून बघितली सगळी. मी स्वतःला डॅडी समजलो. तुर्की एक असं मिळालं की त्याला शेपटी नव्हती, जुन्या सैन्यासारखंच होतं, वजनाला बरोबर. पण चाप इतका गुळगुळीत की डॅडींना वाटेल कुणी लोणी लावलं. फिलिपिनो दोन होती. एकाचा रंग फार नवा. दुसरं वापरलेलं, कडा झिजलेल्या, ते हातात घेतलं आणि मला खाली ठेववेना. ते बरोबर आहे. पण लगेच घेतलं नाही. रंगाचा विचार करायला हवा. आजोबांच्या पिस्तुलाचा रंग तुला कसा आठवतो? उजेडात हिरवट मारतो का? खिडकीपाशी धरून बघ, म्हणजे डॅडी झोपल्यावर. आणि मला लिही.

मुठीच्या लाकडी पट्ट्यांचं विचारलंस. त्यावर आजोबांची अक्षरं कोरलीत, त्या नकलीला लावाव्या लागतील, बरोबर. ते सोपं आहे. चार स्क्रू. वीस मिनिटांचं काम. मला माहीत आहे.

छावणीचा आचारी नेस्टर फिलिपिन्सचा आहे, मारिकिनाचा. ही पिस्तुलं तिथंच होतात म्हणे, त्याचा मामा त्याच कारखान्यात कानस चालवतो. मी नक्कल नक्कल करत होतो तर त्यानं डाव खाली ठेवला. म्हणाला, "तुमच्याच शिपायांनी लढाईनंतर आमच्याकडे ती टाकली आणि घरी गेले. आम्ही पोटच्यासारखी सांभाळली, डागडुजी केली, मग तशीच घडवायला शिकलो. नक्कल काय म्हणतोस? दत्तक म्हण." मग ताटात जास्तीचा भात वाढला. भांडण झालं की तो भात वाढतो.

आता तू जे लिहिलंस त्याबद्दल. तू लिहिलंस, या आजाराची सुरुवात तुला नक्की आठवते. मी गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डॅडी स्वयंपाकघरात आले, हातात पिस्तूल, आणि म्हणाले, हे माझं नाही. कुणीतरी बदललंय. तू म्हणालीस, डॅडी, तुमचंच आहे, ही बघा आजोबांची अक्षरं. त्यांनी ते खिडकीपाशी नेलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, हो गं, माझंच आहे, जाऊ दे. परत कधी त्याचा उच्चार केला नाही. डॉक्टरांनी पहिलं लक्षण म्हणून तेच लिहून घेतलं.

हे मला माहीत नव्हतं. तू मला कधी सांगितलं नाहीस. सांगणार तरी कसं म्हणा.

रंगाचं लिही. रंग महत्त्वाचा आहे.

लेव्हाय


३ नोव्हेंबर

लिनेट,

तू बिस्किटं काढायला ओव्हनपाशी वाकली होतीस म्हणून वाचलीस. नाहीतर डॅडींची गोळी मैद्याच्या डब्याला लागली ती तुला लागली असती. डावा कान अजून वाजतो असं लिहिलंस. ते पत्र इथं यायला पाच दिवस लागले. पाच दिवस मी एका माणसाकडून तुर्की चापाचं कौतुक ऐकत होतो.

हे पत्र जलद टपालानं धाडतोय, परवा मिळेल. उभ्यानं वाचू नकोस.

तुझ्या घरात आहे ती नक्कलच आहे. डॅडींच्या उशीखाली आहे ती. तीन वर्षं नक्कलच आहे. फिलिपिनो. खरं माझ्याकडे आहे.

तुला काही विकत घ्यायची गरजच नव्हती. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मी एक ओळ लिहिली असती, की आहे तेच बिघडव, त्यात आजोबांचं लाकडाशिवाय काही नाही, तर कुणालाही बोलावून तू ते एका दुपारी करून घेतलं असतंस. ती ओळ लिहायला नको म्हणून मी तुला रंग विचारत बसलो. हिरवट मारतो का म्हणे. मी तो रंग स्वतः तारेच्या घासणीनं घासून आणलाय.

तो रविवार आठव. तू आणि डॅडी चर्चला गेलात, मी पोट दुखतंय म्हणून झोपून राहिलो. वापरलेलं फिलिपिनो मी आपल्याकडच्या लंडन गावच्या बाजारातून आधीच आणून ट्रकच्या सीटमागं ठेवलं होतं. तुम्ही वळणाच्या पलीकडे गेलात आणि मी डॅडींच्या कपाटातून आजोबांचं काढलं. नकलीचे सगळे भाग सुटे केले, कडा घासल्या, परत जोडलं, लाकडी पट्ट्या बदलल्या. तुमची गाडी परत आली तेव्हा मी व्हरांड्यात बसून पाय हलवत होतो. डॅडींनी विचारलं, पोट कसं आहे. मी म्हणलं, बरं आहे. दुपारी तुम्ही दोघांनी मला जेवायला वाढलं आणि संध्याकाळी मी निघालो. माझं आणि डॅडींचं भांडण झालं म्हणून निघालो असं तू समजतेस. भांडण मी उकरून काढलं होतं, जायला निमित्त हवं म्हणून. तुला जे बोललो तेही त्यासाठीच. मॉमच्या आजारपणात तू घरी राहिलीस ते तुला दुसरीकडे कुणी विचारत नव्हतं म्हणून, असं म्हणलो होतो. ते मी ठरवून बोललो होतो. खरं वाटत होतं म्हणून नाही.

का केलं विचारशील. डॅडी लहानपणापासून म्हणायचे, हे लेव्हायचं. अठरा झालो तर म्हणाले, एका कामावर एक वर्ष काढ, मग. विसाव्या वर्षीही तेच. त्या वसंतात मी चौथं काम सोडलं आणि ते बाजारातल्या टेबलावर चार माणसांसमोर म्हणाले, "याच्या हाती दिलं तर आठवड्यात कुणा गहाणवाल्याच्या काउंटरवर दिसेल." सगळे हसले. मीही हसलो.

लिनेट, ते कुणाच्याही काउंटरवर गेलेलं नाही. विकलं नाही, गहाण टाकलं नाही, कुणाला दाखवलंही नाही. लोकरी मोज्यात गुंडाळून अवजारांच्या पिशवीत तळाला असतं. इथं एका कामावर मला दोन वर्षं सात महिने झाले. हे मी कुणाला सांगू, तेच कळत नव्हतं.

आणि डॉक्टरांना सांग. त्यांनी लिहून घेतलेलं खोडायला सांग. त्या सकाळी डॅडी आजारी नव्हते. ते बरोबर बोलत होते आणि तू त्यांना चूक ठरवलंस, कारण मी तुला चूक ठरवायला लावलं. नंतर आजार खरंच आला असेल, ते मला कळत नाही. पण त्या दिवशी नव्हता.

वँडाला सांग, उद्याच आंघोळीच्या वेळी तिनं ते उचलावं आणि तिच्या गाडीत कुलपात ठेवावं. रडले तर रडू देत. मी शुक्रवारी पाळी संपली की निघतो. खरं घेऊन येतो, पिन आखूड करून. हातात खरं आलं की शांत होतील, आणि त्यांना सांगता येईल की तुमचं बरोबर होतं. समजेल तोवर सांगायला हवं. येऊ नकोस असं लिहायला तुला वेळ मिळायचा नाही, मुद्दाम तसा हिशेब केलाय. रजा दिली नाही तर काम सोडीन. ते मला येतं.

लेव्हाय


१० नोव्हेंबर
ओहायो नदी ओलांडल्यावर, पेट्रोल पंपाशेजारच्या खानावळीत

लिनेट,

तुझी चिठ्ठी फ्रिजवर होती. "किल्ली वँडाकडे. मी चारला येते. चारच्या आत आटप." मी आटपलं. काय झालं ते वँडा तिच्या पद्धतीनं सांगेल, पण ती मधूनमधून बाहेर होती. म्हणून मी लिहितो.

साडेदहाला पोचलो. वँडानं दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, तूच का तो, फोटोत खाऊनपिऊन बरा दिसतोस. मी म्हणलं, फोटो जुना आहे. ती म्हणाली, आत ये बाळा, पण सांभाळून, चार दिवस झाले, त्यांना चैन नाही. घराची अवस्था बघितली. सगळे खण उलटे. मैद्याचा डबा तू अजून टाकला नाहीस, तोही बघितला. गोळीच्या भोकात बोट घालून बघितलं.

डॅडी खिडकीजवळच्या खुर्चीत होते. मांडीवर टॉवेल पसरलेला. हातात काही नाही, पण हात चालू होते. खोलत होते, पुसत होते, एकेक भाग टॉवेलवर मांडत होते, काहीच नसताना. माझ्याकडे बघून म्हणाले, "या, बसा. दुकान बंद आहे आज, पण बसा." किती बारीक झालेत, हे तू लिहिलं नव्हतंस. रोज बघणाऱ्याला कळत नसेल.

आधी त्यांना सांगावं असं ठरवलं होतं, सबंध वाटेवर पाठ केलं होतं. इंडियानात तर मोठ्यानं बोलून बघितलं. तोंडातून निघेना. मी सरळ मोज्यातून पिस्तूल काढलं आणि टॉवेलवर ठेवलं.

लिनेट, ते हात तू बघायला हवे होतेस. मॅगझिन काढलं, वरची सरकती स्लाइड मागं ओढून आत बघितलं, करंगळी घालून बघितलं, मग उजेडाकडे न बघता सगळं सुटं केलं. मग आतली पिन हातात आली. त्यांनी अंगठा फिरवला, पुसली, ठेवली. केसभर आखूड आहे हे त्यांना कळलं नाही. बंदुकीच्या कामात त्या हातांकडून सुटलेली ती पहिली गोष्ट असेल. मी तिथं बसून देवाचे आभार मानले आणि लगेच मला माझी लाज वाटली.

मग मुठीचा मोकळा सांगाडा हातात घेतला. उजवा अंगठा डाव्या बाजूला गेला, स्लाइडचा खटका बसतो त्याच्या खाली. घासत राहिला. परत परत घासत राहिला. मग ते उठले, खिडकीपाशी गेले, आणि म्हणाले, "हे माझं नाही."

मी म्हणलं, तुमचंच आहे, नंबर बघा.

"नंबर कशाला बघू? हे माझ्या वडिलांचं आहे. मी ओळखतो. पण माझं नाही हे. माझ्याला इथं चरा आहे."

तुला तो चरा माहीत नसेल. १९११ परत जोडताना खटक्याची पिन सरळ आणून मग आत दाबायची असते. उतावळा माणूस ती तिरकी रेटतो आणि पिनेचं टोक सांगाड्यावर अर्धगोल ओरखडा काढतं. बाजारात त्याला येड्याचा चरा म्हणतात. आजोबांच्या पिस्तुलावर साठ वर्षांत तो कुणी पडू दिला नाही. त्या रविवारी चर्च सुटायच्या आत जोडायचं म्हणून मी नकलीवर पाडला असणार. मला तर आठवतही नाही.

डॅडी मला समजावून सांगायला लागले, गिऱ्हाइकाला सांगतात तसे. "माझ्या पोरानं पाडलाय तो. पन्नास वेळा दाखवलं त्याला, आधी सरळ धर, मग दाब. ऐकतो कुठं. लहान असताना अंगणातल्या दाराची कडीही तशीच लावायचा." आणि हसले. आपण टेबलाखाली बसून ऐकायचो तेच हसू.

म्हणजे त्यांना पहिल्या दिवशीच कळलं होतं. तुझ्यासमोर खिडकीपाशी नेऊन बराच वेळ बघितलं ना, तेव्हाच. बदललंय हे कळलं आणि मग कुणी बदललंय हेही कळलं. म्हणून म्हणाले, हो गं, माझंच आहे. तीन वर्षं तुला सांगितलं नाही, डॉक्टरांना सांगितलं नाही. येडे ठरले पण सांगितलं नाही.

मी काही बोलणार तोच त्यांचा चेहरा बदलला. हातातल्या सांगाड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हे तुमच्याकडे कसं आलं?"

मी रिकामा मोजा खिशात कोंबला.

"हे माझ्या पोराजवळ असतं. तो लांब कामाला गेलाय, थंडीत. घेऊन गेला ते बरं झालं. लांबच्या माणसाजवळ घरचं काहीतरी असावं. तो हे कुणाला द्यायचा नाही. जिवंत आहे तोवर द्यायचा नाही." मग माझी कॉलर धरली. जोर होता हातात. "कुठंय तो? काय असेल ते सरळ सांगा. मी बाप आहे त्याचा, ऐकून घेईन."

मी म्हणलं, डॅडी, मी लेव्हाय.

त्यांनी नीट बघितलं माझ्याकडे. खरंच नीट बघितलं, मला वाटलं आता होईल. मग कॉलर सोडली आणि म्हणाले, "चेष्टा करू नका. माझा मुलगा वीस वर्षांचा आहे." आणि खुर्चीत बसून रडायला लागले. आवाज नाही, नुसते खांदे. मॉमच्या वेळीही ते असे रडले नव्हते. वँडा दारात आली, तिनं मला हातानंच विचारलं, काय केलंस.

तीन वर्षं ते पिस्तूल माझ्याजवळ आहे एवढ्यावर त्यांचं बरं चाललं होतं, आणि मी ते परत आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्याचा अर्थ त्यांच्या हिशेबानं एकच होता.

म्हणून मी खोटं बोललो. पाठ केलेलं सगळं सोडलं. म्हणलं, "तो बरा आहे, साहेब. त्यानंच धाडलंय मला. थंडीत स्लाइड अडते म्हणतो. तुम्हाला दाखवून आण म्हणाला, दुसऱ्या कुणावर भरवसा नाही त्याचा."

त्यांनी नाक पुसलं. "अडणारच. तेल जाड वापरत असणार. गोठतं ते तिकडे."

आणि कामाला लागले. तासभर. स्प्रिंग ताणून बघितली, खाचा पुसल्या, काडीला चिंधी गुंडाळून कोपरे साफ केले. मला म्हणाले, दिवा जरा अलीकडे धरा. मी धरला. मधेच विचारलं, जेवतो का तो नीट? मी म्हणलं, एक फिलिपिनो आचारी आहे, भरपूर भात वाढतो. म्हणाले, भात ठीक आहे, पण कॉर्नब्रेड कुठं मिळणार तिथं. आणि काम टिकवून आहे का? मी म्हणलं, दोन वर्षं सात महिने, एकाच ठिकाणी. काडी थांबली. "एकाच ठिकाणी?" मी म्हणलं, हो. पुढचा सगळा वेळ ते गुणगुणत होते.

दुपारी वँडानं त्यांना सूप बीन्सचं कालवण भरवलं तेव्हा मी तिच्या गाडीतून नक्कल काढून घेतली, बाहेर ट्रकच्या मागच्या फळीवर बसून तिची पिन घासली, तीन वेळा तपासली, परत बसवली. तू निर्धास्त राहा, ती आता कशालाच पोचत नाही. गोळ्या सापडतील तशा फेकत जा, पण त्यांच्या देखत नको. टॉवेलवर ती आणून ठेवली. त्यांनी उचलली, अंगठा चऱ्यावर गेला, आणि ती खुर्चीच्या गादीखाली सारली. चार दिवसांनी म्हणे पहिल्यांदा पाठ टेकून बसले. बँकेत वगैरे काही न्यायचं नाही, लिनेट. ती त्यांच्याजवळच राहू दे. शेवटपर्यंत.

आजोबांचं त्यांनी उघडं करून मला दाखवलं, आत रिकामं आहे हे माझ्याकडून बघून घेतलं, आणि मग दोन्ही हातांनी दिलं. म्हणाले, त्याला सांगा, तिकडे पातळ तेल वापर, थेंबभरच. बाकी पिस्तूल चांगलं ठेवलंय त्यानं. मी विचारलं, आणखी काही सांगू का त्याला? त्यांनी विचार केला. "नको. त्याला जास्त बोललेलं आवडत नाही. मी एकदा जास्त बोललोय."

मग वँडा मला म्हणाली, बाळा, लिनेट येईपर्यंत थांब, चिठ्ठीत काही का लिहिलेलं असेना. तिनं तुझ्या वतीनं म्हटलं की स्वतःच्या, मला माहीत नाही. मी थांबणार होतो, लिनेट. टोपी काढून खाली ठेवली होती. पण डॅडी उठून व्हरांड्यात आले होते, कठडा धरून. वँडाला म्हणाले, "त्यांना अडवू नका. लांब जायचंय त्यांना. पोरगा तिकडे वाट बघत असेल." आणि मला हातानं रस्ता दाखवला, खालच्या अंगानं जा, वरचा पूल खचलाय. तो पूल दुरुस्त होऊन आठ वर्षं झाली. मी खालच्या अंगानंच गेलो. ते बघत होते.

चारला पाच मिनिटं कमी होती. ओढ्यापाशी तुझी निळी गाडी समोरून आली. तू काचेआड हात वर केलास की केस मागं सारलेस, ते मला नीट दिसलं नाही. मी हात केला होता.

लेव्हाय